भरिताच्या जागेवरची आमरी

प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा शैलेंद्र एका बादलीवर उभा होता.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ज्या कारखान्यात तो क्वालिटी मॅनेजर होता, तिथे प्लास्टिकच्या बादल्या बनत. नवं गिऱ्हाईक आलं की बादली पालथी घालायची आणि स्वतः तिच्यावर चढून उभं राहायचं, ही त्याची जुनी पद्धत. "बघा, वाकली? नाही वाकली," एवढं बोलून तो खाली उतरायचा आणि ऑर्डर व्हायची. त्या दिवशी तो वर उभा असतानाच खिशातला फोन वाजला. शेजारचा सतीश होता.

"शैल्या, हॉस्पिटलला ये."

"काय झालं?"

"ये तू."

"प्रमिलाला काही झालं का?"

सतीश गप्प राहिला. हा सतीश म्हणजे लिफ्टमध्ये भेटला तरी तळमजल्यापासून घरापर्यंत बोलणारा माणूस. तो गप्प बसलाय असं शैलेंद्रने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यावरून त्याला काय ते कळलं. ती सकाळी सतीशच्या बायकोबरोबर, मनोरमावहिनींबरोबर, भाजी आणायला गेली होती. दुकानातच छातीत कळ आली आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

शैलेंद्र बादलीवरून उतरेचना. शेवटी गिऱ्हाइकानेच, शारजाचा एक भला माणूस होता तो, त्याचा हात धरून त्याला खाली घेतलं. बादली वाकली नव्हती. त्या माणसाने पुढे ऑर्डरही दिली, पण बऱ्याच दिवसांनी आणि फोनवर.

प्रमिलाला फुलांचा नाद होता. बाजारातल्या फुलांचा नव्हे, रानातल्या. अमिरातीत रानफुलं असतात हे सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसायचे. पण पाऊस पडून गेला की इथल्या वाळूतून आणि खडकांच्या फटींतून काय काय डोकं वर काढतं, आणि ते बघायला सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून जाणारी माणसंही असतात. अशा माणसांचा एक ग्रुप होता. नबिला नावाची, मूळची हैदराबादची आणि अजमानच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी बाई तो चालवायची. प्रमिला त्या ग्रुपात शिरली आणि तिने चांगला कॅमेरा घेतला.

शैलेंद्र तिच्याबरोबर जायचा. त्याचं काम छत्रीचं. कडक उन्हात फुलाचा फोटो पांढराफटक पडतो, म्हणून कुणीतरी फुलावर सावली धरावी लागते. प्रमिला पोटावर झोपून कॅमेऱ्याला डोळा लावायची आणि शैलेंद्र छत्री घेऊन उभा. "वर घे. अजून. आता डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही रे, फुलाच्या." होता होता तो इतका तयार झाला की ती बोलायच्या आत छत्री जागेवर जायची. ग्रुपातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, जरा त्यांच्याकडे बघून शिका. फोटो मात्र त्याने कधी काढला नाही. एका हातात छत्री असली की दुसऱ्या हातात पाण्याची बाटली असतेच.

ती गेल्यावर एकदा ऑफिसातून निघताना त्याने छत्री उघडली आणि गाडीपर्यंत चालत गेला. डोक्यावर ऊन तसंच. छत्री त्याने गुडघ्याच्या उंचीवर, शेजारच्या रिकाम्या जागेवर धरली होती. वॉचमन धावत आला. "सर, कुछ गिर गया क्या?" शैलेंद्र नाही म्हणाला आणि त्याने छत्री मिटली.

आता त्या आगीबद्दल सांगायला हवं.

प्रमिला असतानाची गोष्ट. जानेवारीत मराठी मंडळाची सहल खोर फक्कानच्या अलीकडच्या डोंगरात गेली होती. तिथे एक वादी आहे. वादी म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडागोट्यांची दरी. बहुतेक कोरडीच असते, पण या वादीत एका कड्याखाली बारीक झरा आहे आणि त्याच्या काठाला पुरुषभर उंचीचं बोरू, म्हणजे पोकळ दांड्यांचं रानगवत, माजलेलं होतं. मनोरमावहिनींचं माहेर जळगावचं. भरिताचं वांगं गॅसवर भाजणं म्हणजे त्यांच्या माहेरी जवळजवळ गुन्हा. वांगं तुराट्यांवर भाजायचं, तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर. नाहीतर ते भरीत नाही, नुसता लगदा. लग्न झाल्यापासून सतीश हे ऐकत आला होता. त्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं की बायकोला एकदा माहेरचं भरीत खिलवायचंच.

"तुराट्या कुठून आणणार तू इथे?" शैलेंद्रने विचारलं होतं.

"अरे, काडी ती काडी. हे काय वाळलेलं बोरू पडलंय. फुकट!"

बोरू पेटलं. ते इतकं छान पेटलं की वांगी भाजून झाल्यावरही पेटतच राहिलं, आणि वारा सुटल्यावर उभं बोरूही पेटलं. मंडळी धावली. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, मग सोलकढी गेली, मग लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, सगळ्या बाटल्या गेल्या. अध्यक्षांनी तर हातातला चहासुद्धा ओतला. शेवटी आग विझली ती बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा काळी करून, आणि त्या राखेला कढीचा वास येत होता. भरीत मात्र अप्रतिम झालं होतं, असं सतीश आजही सांगतो. मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला की यापुढे सहलीला भरीत घरून करून आणावं.

सगळे माना खाली घालून उभे असताना प्रमिला तेवढी राखेत गुडघे टेकून बसली होती.

"इथे आमरी असणार," ती म्हणाली.

सतीश दचकला. त्याला वाटलं मंडळातलीच कुणी बाई. "कोण आमरी? सगळे मोजा रे!"

"ऑर्किड हो, भावजी. आपल्याकडे सीतेची वेणी असते ना, तिची लांबची बहीण. झऱ्याकाठी येते. हे बोरू माजलं की बिचारी गुदमरते. आता तिला ऊन लागेल. ऑस्ट्रेलियात तर म्हणे वणव्यानंतरच फुलणारी ऑर्किडं असतात. लोक राखेत लोळून फोटो काढतात त्यांचे."

"म्हणजे मी चांगलंच काम केलं की!"

"तुम्ही गाढवपणा केलात. पण पुढच्या वर्षी बघू."

परत येताना गाडीत ती शैलेंद्रला म्हणाली, "ती फुलली की मला न्यायचं हं. एवढी एक राहिलीये माझी." तो म्हणाला, नेईन की. ऑगस्टमध्ये ती गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये नबिलाचा फोन आला.

"शैलेंद्रभाई, वो जली हुई जगह पे ऑर्किड निकला है. एकही है. दो-तीन दिन में खुलेगा."

"आपने फोटो लिया?" शैलेंद्रने विचारलं.

"नहीं लिया. किसी को लेने भी नहीं दूँगी. वो प्रमिला का है. स्कूल के हॉल में अगले महीने उसके फोटो लगा रहे हैं ना, उसमें एक जगह खाली रखी है. आप निकालिए."

"मैं? मैं तो छाता पकड़ता हूँ."

"तो इस बार छाता कोई और पकड़ेगा," नबिला म्हणाली. "और बकरियों से सँभालना. उधर बहुत घूमती हैं."

त्या संध्याकाळी शैलेंद्रने प्रमिलाचा कॅमेरा कपाटातून काढला. त्याची मुलगी इरा अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहते, नोकरी तिकडेच. तिने व्हिडिओ कॉलवर बापाची शिकवणी सुरू केली. इरा जन्मापासून इथलीच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

"बाबा, आय कान्ट सी यू. आय कॅन ओन्ली सी युवर इअर."

"मग कानाशी बोल. हे गोल चाक कशाचं?"

"डोन्ट टच दॅट."

"लागला हात. आता?"

"नाऊ यू आर इन व्हिडिओ मोड, बाबा. यू हॅव बीन रेकॉर्डिंग युवर बनियन फॉर टेन मिनिट्स."

सरावाला म्हणून त्याने कारखान्यात बादल्यांचे फोटो काढले. लाल बादली, निळी बादली, झाकणासकट बादली. मार्केटिंगवाल्यांना ते फोटो इतके आवडले की त्यांनी मागून घेतले. इराला आवडले नाहीत. "बाबा, अ बकेट डझन्ट मूव्ह इन द विंड. यू नीड टू प्रॅक्टिस ऑन अ फ्लॉवर."

फूल म्हटलं की मनोरमावहिनी. वहिनी रोज सकाळी फिरायला जायच्या त्या प्लास्टिकची पिशवी घेऊनच. कॉलनीतल्या कुंपणांवरची तगर, जास्वंद, बोगनवेल, काही म्हणता काही सुटायचं नाही. सिक्युरिटीने दोनदा हटकलं तर वहिनींनी त्याच्याच हातावर खडीसाखर ठेवली. देवाला वाहायची फुलं, त्यात चोरी कसली? झाडावरचं फूल म्हणजे त्यांच्या लेखी अजून सुखरूप न पोचलेलं फूल. पिशवीत आलं की पोचलं.

शैलेंद्रने एक जास्वंद मागितली आणि कशाला ते सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीत हात घालून चांगलीशी निवडून दिली आणि म्हणाल्या, "मी पण येणार हं, भावजी."

"उन्हात कशाला वहिनी? दगडांतून चालायचंय."

"मी येणारच."

सतीशला तर बोलवायचीही गरज पडली नाही. "छत्री मी धरणार. अरे, ते माझंच अपत्य आहे. मी भरीत केलं नसतं तर ते उगवलं असतं का? आणि फोटोखाली माझं नाव हवं. आग: सतीश. एवढंच. मोठ्या अक्षरांत नको."

शनिवारी सकाळी तिघं सतीशच्या नव्या गाडीतून निघाले. बोगद्यांमागून बोगदे गेले आणि प्रत्येक बोगद्यात शिरताना सतीशने कुठल्या कंत्राटदाराने तो खणला असावा याचा अंदाज सांगितला. ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिकाटणी, कितीला पडली असंही विचारलं आणि दिरहॅमचे रुपये करून हळहळला. शैलेंद्रच्या मांडीवर छत्री होती. ती मागे ठेव म्हणून वहिनींनी दोनदा सांगितलं, पण त्याने ठेवली नाही.

वादीत गाडी फार आत नेता येत नाही. दगडांवरून ठेचकाळत ते झऱ्यापाशी पोचले. काळी जागा आता फारशी काळी राहिली नव्हती; बोरूचे कोवळे कोंब आले होते, पण अजून कंबरेखालीच. आणि त्यांच्या मधोमध, ओल्या मातीत, एक हातभर उंचीचा देठ उभा होता. त्याला खालपासून वरपर्यंत फुलं. प्रत्येक फूल नखाएवढं, हिरवट, मध्ये तपकिरी.

तिघंही बघत राहिले.

"हे?" सतीश म्हणाला.

"हेच."

"जांभळं नसतं का ते? हॉटेलच्या रिसेप्शनला असतं तसलं?"

"ते वेगळं."

"हे तर कोमेजलेल्या मटारासारखं दिसतंय रे." मग त्याला आपलं नातं आठवलं आणि तो घाईने म्हणाला, "पण नाक छान आहे."

शैलेंद्र पोटावर झोपला. प्रमिला झोपायची तसाच, कोपर टेकून. तिथून ते फूल एकदम वेगळंच दिसायला लागलं. आत बारीक ठिपके होते, कडेला पिवळी झाक होती, आणि एक माशी येऊन अगदी घरचं असल्यासारखी आत शिरत होती. इतकी वर्षं तो उभा होता. उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो बराच वेळ नुसता बघत राहिला.

"काढलास?" सतीशने वरून विचारलं.

"छत्री धर आधी. वर घे. अजून. डावीकडे. तुझ्या नाही, फुलाच्या."

"फुलाला डावं-उजवं असतं?"

"सावली फुलावर पाड, माझ्या टकलावर नको."

"तुझं टक्कल जास्त मोठं आहे, त्याला मी काय करू? हबीबी, सावली आपोआप तिकडे जाते."

शैलेंद्र उठला, त्याने छत्री नीट करून दिली आणि पुन्हा झोपला. तोवर सतीश बोलायला लागला होता आणि त्याच्या बोलण्याबरोबर छत्री हलत होती. शैलेंद्र पुन्हा उठला. असं होता होता अखेर सावली जागेवर आली, वाराही थांबला, शैलेंद्रने श्वास रोखून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती. रात्रभर घरी चार्ज केलेली बॅटरी त्याने अगदी आठवणीने आणली होती, आणि ती गाडीत राहिली होती. ट्रायपॉडही गाडीतच होता.

"चल, आणू," सतीश म्हणाला.

"किल्ली दे, मी जातो."

"नवी गाडी आहे. तुला नाही उघडायची. मलाच अजून नीट उघडत नाही."

शैलेंद्रने वहिनींना सांगितलं, "वहिनी, तुम्ही इथेच बसा आणि फुलाची राखण करा. शेळ्या येतात इथे. शेळीला तोंड लावू द्यायचं नाही. काय वाट्टेल ते करा, पण तिला मिळू द्यायचं नाही."

"जा तुम्ही निर्धास्त," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून दगडावर बसल्या.

गाडी उघडायला खरंच वेळ लागला. आधी डिकी उघडली, मग काच खाली गेली, मग हॉर्न वाजायला लागला तो थांबेना. शेवटी बॅटरी मिळाली आणि दोघं घाम पुसत परत आले.

वहिनी दगडावर तशाच बसलेल्या होत्या. समोर थोड्या अंतरावर एक तपकिरी शेळी उभी होती आणि दोघी एकमेकींकडे रोखून बघत होत्या.

"आली होती मेली," वहिनी विजयी आवाजात म्हणाल्या. "अगदी तोंड घालणार होती. पण मी मिळू दिलं नाही तिला."

शैलेंद्रने झऱ्याकडे बघितलं. खालची पानं होती. देठ नव्हता.

"वहिनी, फूल कुठेय?"

"हे काय." त्यांनी मांडीवरचा ओला रुमाल अलगद उलगडला. आत आमरीचा सगळा देठ, फुलांसकट, नीट निजवून ठेवलेला होता. "पाणी मारलंय. संध्याकाळपर्यंत काही होत नाही. आता घरी चला, एसीत निवांत काढा फोटो. ऊन नको, वारा नको, शेळी नको."

शेळीने मान वळवली आणि ती निघून गेली. तिचं काम राहिलं नव्हतं.

"मनू," सतीश हळूच म्हणाला, "ते झाडावरच हवं होतं गं."

"फुलाचाच फोटो काढायचाय ना?"

"हो, पण झाडावर."

"अहो, पण भावजीच म्हणाले, काय वाट्टेल ते करा!" वहिनींनी एकदा नवऱ्याकडे, एकदा शैलेंद्रकडे आणि एकदा रुमालाकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरायला लागला. "मग झाडावर असताना ते सांभाळायचं तरी कसं माणसाने?"

शैलेंद्र उरलेल्या पानांशी उकिडवा बसला.

सतीश मात्र गप्प बसणाऱ्यांतला नाही. "थांबा, खलास झालेलं नाहीये काही. मनू, पिन दे." वहिनींच्या बांगडीत कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. सतीशने बोरूचा एक कोंब निवडला, त्याला मागच्या बाजूने देठ टाचला, खाली पानं सारखी केली, वर थोडा चिखल थापला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. "देवाशप्पथ सांगतो, आधीपेक्षा बरं दिसतंय. आधी जरा पोक काढून उभं होतं."

खरंच कळत नव्हतं. शैलेंद्रने ट्रायपॉड उभा केला, बॅटरी घातली आणि पोटावर झोपला. अपराधाच्या ओझ्याने असेल, सतीशने यावेळी छत्री अशी धरली की ती तसूभर हलली नाही, आणि तो चक्क बोललाही नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीत फूल मधोमध आलं. ठिपके दिसत होते, पिवळी झाक दिसत होती. पिन दिसत नव्हती. इराने शिकवलेलं सगळं जमून आलं होतं. अंगठासुद्धा आड येत नव्हता.

त्याने बटणावर बोट ठेवलं.

प्रमिला फोटो काढायची तेव्हा फुलासमोर आडवी आलेली वाळकी काडीसुद्धा बाजूला करायची नाही. वाट बघायची. वाऱ्याने गेली तर गेली. एकदा एका फुलावर मुंगळा बसला होता, तो उठेपर्यंत शैलेंद्र छत्री घेऊन उभा होता आणि त्याच्या खांद्याला रग लागली होती. "अगं, फुंकर मार की," तो म्हणाला होता. "तो आधी आलाय," ती म्हणाली होती.

शैलेंद्रने बोट काढून घेतलं.

"काय झालं?" सतीशने कुजबुजत विचारलं. "दाब की."

"नाही दाबता येत."

"अडकलंय का?"

"नाही. बटण चांगलं आहे." तो उठून बसला. "पिन लावलेली आहे रे ती."

"दिसते का?"

"नाही दिसत."

"मग?"

"मला माहितीये ना."

सतीशने छत्री खाली घेतली. मग आपल्याला काहीतरी मोठं सुचल्यासारखं म्हणाला, "बरं, मग फोटोखाली तसं लिहू. आग: सतीश. पिन: मनोरमा."

त्यावर शैलेंद्रला हसू आलं. ऑगस्टनंतर तो असा हसला नव्हता. पोट धरून, त्या चिखलात बसून तो हसत राहिला, आणि सतीशही हसायला लागला. वहिनी मात्र रडायला लागल्या. आधी दोघांना वाटलं त्याही हसतायत.

"मी प्रमिलासाठीच तोडलं हो," त्या म्हणाल्या. "शेळी आली हे खरं. पण नुसती हाकलली असती तरी गेली असती ती. माझ्या मनात आलं, एवढ्या लांब येऊन तिला फूल नाही न्यायचं? घरी तुम्ही तिच्या फोटोला तो प्लास्टिकचा हार घातलाय, भावजी. मला तो बघवत नाही. दुकानात त्या दिवशी तिचं डोकं माझ्याच खांद्यावर होतं. मी काहीच करू शकले नाही तिच्यासाठी. म्हटलं, फूल तरी."

शैलेंद्र उठला. त्याने पिन काढली, ती वहिनींना परत दिली, देठ पुन्हा ओल्या रुमालात गुंडाळला आणि रुमाल वहिनींच्या हातात ठेवला.

"तुम्हीच धरा," तो म्हणाला. "तुम्हाला सुखरूप न्यायची सवय आहे."

मग तिघांनी सावलीत बसून भरीत-भाकरी खाल्ली. भरीत घरून करून आणलेलं होतं, ठरावाप्रमाणे. सतीशला ते फारसं आवडलं नाही. त्याला धुराचा वास हवा होता.

संध्याकाळी इरा अबू धाबीहून आली तेव्हा प्रमिलाच्या फोटोसमोर, पाण्याच्या पेल्यात, आमरी उभी होती. प्लास्टिकचा हार वहिनींनी आल्या आल्या काढून कचऱ्यात टाकला होता. सगळी हकीकत ऐकून इरा सोफ्यावर आडवी झाली आणि उशीत तोंड खुपसून हसली. मग उठून फुलाजवळ गेली आणि लहानपणी बघायची तसं तिने ते अगदी नाक लावून बघितलं.

"इट्स सो टायनी," ती म्हणाली. "शी वुड हॅव लव्ह्ड इट." थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, जस्ट टेक वन हिअर. विथ द कॅमेरा. नोबडी विल नो."

"तिच्यासमोर?" शैलेंद्र म्हणाला. "तिच्यादेखत लबाडी करू?"

इराने हातातला फोन खिशात ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी नबिलाचा मेसेज आला. "भाई, कैसा आया फोटो?" शैलेंद्रने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. पिनेचं सांगायचं की शेळीचं, ते ठरेना. वहिनींचं नाव तर घ्यायचंच नव्हतं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "डंठल टूट जाए तो भी पौधा ज़िंदा रहता है क्या?"

नबिलाने लगेच लिहिलं की मूळ शाबूत असेल आणि पाणी आटलं नाही तर पुढच्या वर्षी येईल, इन्शाल्ला. मग तिने लिहिलं, "क्यों? क्या हुआ?"

त्याला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. प्रदर्शन झालं. प्रमिलाचे सगळे फोटो हॉलमध्ये लागले, लोक आले, नबिलाने भाषण केलं. एक जागा रिकामी होती आणि ती का रिकामी आहे हे सतीश येणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होता. बोरू पुन्हा वाढतंय. पुढच्या एप्रिलपर्यंत ते आमरीच्या डोक्यावरून जाईल, ते कापायला परवानगी लागेल, आणि परवानगी कुणाकडे मागायची ते शैलेंद्रला अजून कळलेलं नाही. आमरीचा फोटो काढायचा राहिला आहे.